कैरोची तार आणि नानीची कॅसेट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी चढले तेव्हा मिरजेत माझ्या मामूंच्या घरात ते कमरेपर्यंत आले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही भाच्या-सुना चिखल काढायला गेलो. खालचे सगळे गेले. गाद्या, धान्याचे डबे, मामूंच्या किताबांचे कपाट. माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी कोरडी राहिली होती. तिच्यात मामूंच्या सौदीतल्या दिवसांचे सामान होते. एक बंद पडलेला टू-इन-वन, इकाम्याच्या झेरॉक्स, अत्तराच्या रिकाम्या कुप्या आणि सतरा कॅसेटी. कारी अब्दुल बासित यांच्या तिलावतीच्या तीन, बाकी सगळ्या बयानांच्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईने, मामूंच्या सुबक नस्तालीकमध्ये नाव आणि तारीख.

त्यातली एक कॅसेट हातात घेऊन अम्मी बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ये तो अम्मा की कॅसेट हाय गे. पीछे देख."

कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे दोन बारीक चौकोनी पापुद्रे असत, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नसे. एखादी कॅसेट जपायची असली की लोक ते पापुद्रे मुद्दाम मोडून टाकत. आणि मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा भरायचेच असले, तर त्या भोकांवर कागद नाहीतर चिकटपट्टी लावली की काम होई. या कॅसेटचे दोन्ही पापुद्रे मोडलेले होते आणि दोन्ही भोकांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. म्हणजे कोणीतरी ती आधी जपली होती आणि नंतर पुसली होती. दोन्ही कामे करणारा माणूस एकच. माझे मामू.

हकीकत अशी की, १९८६ मध्ये मामू जुबैलला होते. नानीला लिहिता येत नव्हते. पत्र शेजारचा मुलगा लिहून देई, आणि त्याच्यासमोर मनातले बोलायला तिला लाज वाटे. मग मामूंनी सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट पाठवली. नानीने एका बाजूवर घरच्या खबरी सांगितल्या आणि दुसऱ्या बाजूवर गाणी म्हटली. नानी ढोलकीच्या गाण्यांची उस्ताद होती. मोहल्ल्यात शादी असली, हळदीची रात्र असली, की तिला बोलावणे येई. तिच्या आईकडून आलेली जात्यावरची गाणीही तिला पाठ होती. आमच्या दखनी बायांत चक्कीनामे म्हणून गायली जात ती. विजापूरच्या सूफींनी पीठ दळणाऱ्या बायांच्या तोंडी अल्लाह-रसूलचे नाव यावे म्हणून असली गाणी रचली, असे अभ्यासक सांगतात. नानीला अर्थात विजापूरचे काही ठाऊक नव्हते. तिला गाणे ठाऊक होते. जुबैलच्या खोलीत आठ माणसे होती आणि ती कॅसेट ऐकून आठही जण रडले, असे मामूंनी पत्रात कळवले होते म्हणे. पापुद्रे त्यांनी तिथेच मोडले.

पुढे मामू परत आले. दीनची ओढ लागली. १९९८ मध्ये नानी गेली. त्यानंतर कधीतरी त्यांनी त्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर बयान भरले. मेलेल्या आईचा आवाज घरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या पुरुषांच्या कानावर पडू नये, एवढाच त्यामागचा विचार. मामूंना खलनायक करणे मला सोपे गेले असते. पण माझी बी.एड.ची फी त्यांनी भरली आहे, आणि ती भरताना लग्नाचा विषय काढणाऱ्या नातलगांना त्यांनीच गप्प केले होते.

बयान सव्वीस मिनिटांचे होते. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी चार मिनिटे उरली होती.

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांनी जुना प्लेअर मिळवून ती चार मिनिटे उतरवून दिली. मौलाना दुआ मागतात, खट्ट असा आवाज होतो, आणि एकदम नानी. "मुन्ने, अब गाने का हाय. पंखा बंद कर को सुन." जुबैलच्या खोलीतला पंखा मोठा आवाज करतो, हे मामूंनी कधीतरी पत्रात लिहिले असावे. मग ढोलकी, आणि दोन समधिणींच्या भांडणाचे एक खट्याळ गाणे. तिसऱ्या कडव्यात टेप संपते.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात सायन्स शिकवते. नववीला ध्वनीचा धडा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान १७.२ मीटर दूर असावी लागते, हे गणित मी दर वर्षी फळ्यावर मांडते. उर्दूत प्रतिध्वनीला बाजगश्त म्हणतात. त्या वर्षी कॅसेट डोक्यात असल्यामुळे मी मुलींना आवाज साठवतात कसा हेही सांगायचे ठरवले. टेपवर लोहाच्या संयुगाची बारीक भुकटी असते, आवाजाबरोबर ती कमीजास्त चुंबकित होते, आणि पुन्हा भरताना पुसणारे डोके आधी येते, ते तो सगळा नकाशा विस्कटून टाकते. हे वाचत असता टेपच्याही आधी पोलादी तारेवर आवाज भरत असत, हे कळले. डेन्मार्कच्या वाल्देमार पौलसेनने १८९८ मध्ये ते यंत्र केले. केसासारखी बारीक तार एका रिळावरून दुसऱ्या रिळावर पळे. तुटली तर लोक चक्क गाठ मारत आणि पुढे चालू करत. त्या तारेचा माग काढत मी कैरोला पोहोचले.

हलीम अल-दबअ हे नाव मी तोवर ऐकले नव्हते. इंग्रजीत त्याच्या नावाचा उच्चार एल-दाब असा करतात. अरबीत दबअ म्हणजे तरस. जन्म १९२१ चा, कैरोचा. घराणे कॉप्टिक ख्रिस्ती, खातेपिते, गाणे-वाजवणे असलेले. १९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. युरोपातून बार्तोक आणि हिंडेमिथ यांच्यासारखे संगीतकार आले होते, मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे वादक-गायक आले होते आणि त्यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीने तबकड्यांवर उतरवून घेतले. अकरा वर्षांचा हलीम थोरल्या भावाचे बोट धरून तिथे गेला होता. पुढे तो शेतकी अभियांत्रिकी शिकला. गाणे त्याची नोकरी नव्हती, नाद होता.

१९४४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने कैरोच्या मिडल ईस्ट रेडिओकडून एक तारेचा रेकॉर्डर उसना घेतला. हे यंत्र काही खिशात मावणारे नव्हते, चांगले वजनदार धूड होते. ते घेऊन तो झारच्या समारंभात गेला. झार म्हणजे काय ते आपल्याकडच्या बायांना समजावून सांगायची गरज नाही. इजिप्त, सुदान, इथिओपिया या भागात बाईच्या अंगात कोणी शिरले आहे असे मानून तिच्यासाठी जमवलेली मजलिस. ऊद जळतो, डफ-ढोल वाजतात, पुढारीण असलेली कोदिया गाते, आणि जिच्यासाठी हे सगळे आहे ती घुमू लागते. जमणाऱ्या बहुतेक बाया. नवऱ्याला, सासूला, मौलवीला जे सांगता येत नाही ते तिथे अंगातल्या जिनाच्या तोंडून निघते. आपल्याकडे दर्ग्यात जुमेरातीला हाजिरी भरते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. शाळेत मी अशा गोष्टींविरुद्ध बोलते. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई हाजिरीला जाते आणि तिथून परतल्यावर चार दिवस घरात हसते, हेही मला ठाऊक आहे.

झारच्या त्या मजलिसीत पुरुषांना मज्जाव होता. मग हलीम आणि त्याचा मित्र बायांसारखे डोक्यावरून पडदा ओढून आत शिरले. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींत तो हे मजेत सांगतो. ते पहिल्यांदा वाचताना मीही हसले होते.

ध्वनी मुद्रित करून तो रेडिओच्या स्टुडिओत परतला. तिथे आवाज घुमवण्यासाठी एक खोली होती, तिच्या भिंती सरकवता येत. भिंत दूर नेली की बाजगश्त लांबते, जवळ आणली की तोकडी होते. म्हणजे माझ्या फळ्यावरचे गणित त्या माणसाने भिंत ढकलून केले होते. तारेवरचा आवाज त्या खोलीत वाजवायचा, तो पुन्हा भरून घ्यायचा, पुन्हा वाजवायचा. याबरोबर त्याने आणखी एक केले. आवाजातला मूळ, ठळक स्वर काढून टाकला आणि त्याच्या आत दडलेले वरचे बारीक स्वर तेवढे ठेवले.

हे मिरजेच्या माणसाला सांगायचे तर जवारीचा दाखला पुरे. तंबोऱ्याची एक तार छेडली तरी तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर असतात. चांगला जुळलेला तंबोरा वाजत असता त्यातून न लावलेला गंधार ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो उमलावा म्हणून कारागीर घोडीचा माथा कानसेने अगदी तिळातिळाने घासतो आणि तारेखाली दोरा सरकवतो. आमच्या मिरजेत ज्या शिकलगार घराण्यांनी पूर्वी तलवारींना धार लावली त्यांच्याच हातांत ही कला आली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लहानपणी त्या गल्लीतून जाताना जवारी काढणाऱ्या कारागिराला मी विचारले होते, "चाचा, घासते कायकू?" तो म्हणाला होता, "अंदर का आवाज भायेर आने कू." हलीमनेही आपण आवाजाच्या आतला आवाज शोधत होतो असेच सांगितले आहे. त्याच्याजवळ कानस नव्हती. विजेची बटणे आणि सरकत्या भिंती होत्या.

तयार झालेली रचना वीस-पंचवीस मिनिटांची होती. १९४४ मध्येच कैरोत एका चित्रांच्या प्रदर्शनात ती लोकांना ऐकवली गेली. पॅरिसच्या पिएर शेफरने रेल्वेगाड्यांचे, भांड्यांचे आवाज जुळवून केलेल्या रचना रेडिओवरून ऐकवल्या त्या १९४८ मध्ये, आणि इतिहासाच्या पुस्तकांनी या नव्या प्रकाराचा उगम तिथे लिहिला. कैरोचा मुलगा चार वर्षे आधीचा. पण त्याच्या त्या रचनेतला साधारण दोन मिनिटांचा तुकडाच २००० साली सीडीवर आला, आणि लोक जे ऐकतात ते तेवढेच. पंचवीसपैकी दोन मिनिटे. माझी तीसपैकी चार होती. हा हिशेब मनात आला तेव्हा मी मोबाइल खाली ठेवला.

तो तुकडा मी रात्री, मुले झोपल्यावर, कानात यंत्र घालून ऐकला. पहिल्यांदा काही कळले नाही. खोल विहिरीत कोणी गात आहे आणि आपण काठावर बसलो आहोत, असे वाटते. शब्द एकही लागत नाही. ढोलाचा ठोका असा राहिलाच नाही, त्याची धग तेवढी उरली आहे. आवाज येतात, लांबतात, एकमेकांत विरघळतात. बाई कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. तिसऱ्या वेळेला मला भीती वाटली, आणि पाचव्या वेळेला रडू आले. मी संगीताची जाणकार नाही. त्यामुळे हे थोर आहे की कसे, यावर माझे मत कोणी विचारू नये. पण सायन्सची शिक्षिका म्हणून एवढे समजले की, आवाजातून शब्द आणि ओळख काढून घेतली तरी मागे काहीतरी माणसाचेच उरते.

पुढे हलीम १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला. मार्था ग्रॅहमच्या नृत्यनाट्यांना संगीत दिले. न्यूयॉर्कला कोलंबिया आणि प्रिन्स्टन विद्यापीठांचे इलेक्ट्रॉनिक संगीताचे केंद्र होते, तिथे खोलीभर पसरलेला सिंथेसायझर होता. त्या केंद्रात त्याने कशावर काम करावे? लैला-मजनूवर. एका वेड्याचा आणि एका कवीचा आवाज लैलेला उद्देशून बोलतो, मागे बासरी, ढोल आणि यंत्रांतून निघालेले सूर. १९६१ मध्ये ही रचना न्यूयॉर्कच्या सभागृहात वाजली, १९६४ मध्ये त्या केंद्राच्या तबकडीवर आली. त्याच तबकडीवर तुर्कस्तानचा ब्युलेंत आरेलही आहे. नववीच्या मुलांना सांगावे तर ती विचारतात, "मॅडम, लैला-मजनू कॉम्प्युटर पे?" गिझाच्या पिरॅमिडांपुढे रात्री जो प्रकाश आणि ध्वनीचा खेळ होतो, त्याचे संगीतही त्याचेच. ओहायोतल्या केंट विद्यापीठात तो शिकवायचा. २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी, वारला.

त्याच्या मुलाखती मी जमतील तेवढ्या वाचल्या, ऐकल्या. माणूस फार लाघवी. नव्वदीतही पोरासारखा हसतो. आवाजाविषयी बोलताना कुंभार मातीविषयी बोलेल तसा बोलतो. पण हळूहळू मला एक गोष्ट खुपू लागली. यंत्राचे नाव आहे. रेडिओचे नाव आहे. पडदा घेऊन बरोबर आलेल्या मित्राचेही नाव आहे. ज्या बायांचा आवाज त्या तारेवर आहे, त्यांतल्या एकीचेही नाव मला मी वाचलेल्यात सापडले नाही. पडदा ओढून आत शिरण्याची गोष्ट मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा हसू आले नाही. जी जागा बायांनी पुरुषांपासून राखली होती, तिथून आवाज उचलून तो चित्रांच्या प्रदर्शनात नेला गेला. त्यांना विचारले असते तर काय म्हणाल्या असत्या? कदाचित हो म्हणाल्या असत्या. कैरोतच २००० सालापासून मजाहिर नावाचा झारचा एक संच आहे. त्यातल्या उम्म सामेह आणि त्यांच्या साथीदारणी लोकांसमोर बसून, आपल्या नावानिशी झार गातात.

हे सगळे माझ्या डोक्यात घोळत होते तोच घरात नवे प्रकरण उभे राहिले. माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो. नानीची चार मिनिटे मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली होती. त्याने ती घेतली, नानीचा आवाज लांबवला, घुमवला, खाली धडधडणारा ठेका घातला आणि इंटरनेटवर सोडून दिले. वर लिहिले, 'दखनी आजी'. दोन दिवसांत हजारो लोकांनी ऐकले. मोहल्ल्यातल्या कोणीतरी ते मामूंना मोबाइलवर दाखवले.

मामू आरडाओरडा करणारे नाहीत. त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, "बेटी, तेरे पास से गया ना ये?" मला उत्तर देता आले नाही. मी पोराला फोन लावून खूप बोलले. तो म्हणाला, "फुप्पू, मैं तो इज्जत से बनाया. लोगां को पसंद आया ना." आणि मग म्हणाला, "तुम्हीच तर मला त्या इजिप्तवाल्याचं ऐकवलं होतं."

खरे होते. मीच ऐकवले होते, आणि कौतुकाने ऐकवले होते. जे कैरोत मला कला वाटत होते, ते मिरजेत माझ्याच नानीच्या बाबतीत झाले तेव्हा मला चोरी वाटली. पोराने तर निदान पडदा ओढून चोरी केली नव्हती. पणनानीचा आवाज त्याने घरातलाच उचलला होता.

आवाजाच्या पडद्याविषयी आपल्याकडे वाद जुना आहे आणि आलिमांत मतभेद आहेत. हजरत आयेशा सिद्दीका यांनी पडद्याआडून पुरुषांना हदीस शिकवली, हे तर सर्वमान्य आहे. यंत्रातल्या आवाजाविषयीही शंका निघाल्याच होत्या. १९३४ मध्ये इजिप्तचा रेडिओ सुरू झाला तेव्हा पहिली तिलावत शेख मुहम्मद रिफअत यांची झाली. पण त्याआधी रेडिओवर कुरआन पढणे जायज आहे का, हे त्यांनी अजहरच्या शेखांना विचारून घेतले होते. आज रमजानमध्ये मगरिबला तिथे त्यांचीच अजान रेडिओवर लागते. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दर्ग्याच्या आवारात दफन आहेत, दर वर्षी त्यांच्या नावाची संगीतसभा भरते, आणि त्यांची लेक हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या बायांपैकी. मामूंचे बालपण त्याच आवाजांत गेले. हे सगळे दाखले मी मामूंशी वाद घालायला जमवले होते. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही, कारण मामूंचा प्रश्न फतव्याचा नव्हताच.

मी गेले तेव्हा ते असरनंतर ओसरीत बसले होते. मी म्हटले, पोराने काढून टाकले आहे, आता ते कोठेही नाही. (हे तितकेसे खरे नाही. लोकांनी उतरवून घेतले असणारच. तेही सांगितले.) मग धीर करून विचारले, "मामू, टेप पर चिकटपट्टी कायकू लगाए थे?"

त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "अम्मा मेरे कू बोल को भेजी थी वो. मेरे अकेले कू. आठ आदमी सुने, वो भी मेरी गलती थी. मरने के बाद जो आया वो बोले, अम्मा का गाना लगाओ. जैसा बाजे का दुकान हाय." थोड्या वेळाने, "पर पुसना नको था."

मी त्यांना जात्यावरच्या ओव्यांचे सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८७ पासून पुण्याहून हे काम उभे केले. महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, बर्नार बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. आता त्यातले बरेच 'परी'च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येते, आणि ओवीखाली गाणारणीचे नाव असते, गाव असते, कितीदा तिचा फोटोही असतो. बायांना विचारून, त्यांच्या उंबऱ्यावर बसून केलेले काम. मामूंनी लक्ष देऊन ऐकले. "पूछ को किए?" एवढेच दोनदा विचारले.

शेवटी आमच्यात असे ठरले. फाइल माझ्याकडे राहील. तिच्यावर नानीचे पूर्ण नाव, तिच्या आईचे नाव, गाव आणि साल लिहायचे. घरच्या शादीत बायांच्या खोलीत लावायची, बाहेर द्यायची नाही. आणि मी या विषयावर लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा मामू म्हणाले, लिख, पण अम्माचे नाव छापू नको. मी हो म्हटले. कैरोच्या बायांची नावे नाहीत म्हणून तक्रार करणारी मी, नानीचे नाव न घेताच हा लेख पाठवत आहे. संपादकांनी विचारले तरी सांगणार नाही. हे बरोबर केले की चूक, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

गेल्या रमजानच्या आधी मामूंनी बोलावणे पाठवले. मामी माहेरी गेली होती, घरात ते एकटेच होते. उन्हाळा सुरू झाला होता. मी पर्समधून मोबाइल काढला, छोटा स्पीकर तिपाईवर ठेवला आणि फाइल शोधू लागले. मामू उठले, दाराला कडी लावली, आणि भिंतीशी जाऊन त्यांनी पंखा बंद केला. मी अजून काहीच लावले नव्हते.